मेंदूच्या स्कॅनचं पहिलं विश्लेषण, घरच्या लॅपटॉपवर

ठाण्यात, ऐरोलीत किंवा खारघरला राहून मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, एमआरआय मशीन कुठे मिळणार? मशीन नंतर. या कामात वेळ जातो तो फायलींमध्ये, आणि त्या घरबसल्या फुकट मिळतात. उद्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात गेलात किंवा बंगळुरूच्या निम्हान्सला, स्वतः केलेलं एक विश्लेषण हातात असलेलं बरं.

१६ जीबी रॅम पुरते. मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करणारं एफएसएल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी सोय) टाका. ओपनन्यूरो या मेंदू-स्कॅनच्या खुल्या संकेतस्थळावरून बोटं टॅप करण्याचा साधा प्रयोग निवडा. अख्खा संच नको, दोन-तीन जणांचाच डेटा उतरवा.

लगेच आकडेमोडीला भिडू नका. स्कॅन एफएसएलआयजमध्ये (एफएसएलच्या चित्रदर्शकात) उघडून सिनेमासारखा चालवा. डोकं हललं की चित्र उडी मारतं. मेंदूच्या कामामुळे सिग्नल जेमतेम एक-दोन टक्के बदलतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची हालचालही त्याला सहज गिळते. ०.५ मिमीपेक्षा जास्त हललेल्या फ्रेम (एकामागून एक घेतलेली मेंदूची चित्रं) नोंदवून ठेवा. बटण दाबताना दर वेळी मान हलत असेल तर तो डेटा बाजूला ठेवलेलाच बरा.

मग हालचाल-दुरुस्ती, टी-वन चित्राशी (त्याच माणसाच्या मेंदूच्या रचनेच्या बारीक स्कॅनशी) जुळवणी, प्रमाण मेंदूवर (सगळ्यांसाठी एकच असलेल्या नमुना-मेंदूवर) बसवणं आणि स्मूदिंग, म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेऊन चित्र गुळगुळीत करणं. ३ मिमीच्या व्हॉक्सेलला (चित्राच्या घनाकार ठिपक्याला) ६ मिमी स्मूदिंग चालतं.

नवखे सगळ्यात जास्त अडकतात ते वेळेत. सुरुवातीच्या ४ फ्रेम काढून टाकल्या आणि टीआर (दोन फ्रेममधलं अंतर) २ सेकंद असेल, तर घटनांच्या (बोटं कधी हलली त्या नोंदींच्या) प्रत्येक वेळेतून ८ सेकंद वजा करावेच लागतात. स्कॅनमध्ये दिसणारा रक्तप्रवाहाचा प्रतिसाद घटनेनंतर ५-६ सेकंदांनी शिखरावर येतो. ८ सेकंदांची चूक झाली की निकाल जवळपास पुसला जातो आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो.

हजारो ठिपके एकदम तपासले की काही निव्वळ योगायोगानेच उजळतात; ते गाळणारी अनेक-तुलनांची दुरुस्ती कधीच वगळू नका. २००९ मध्ये ती न करता तपासलेल्या मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही ‘काम चालू’ दिसलं होतं!

मेंदूच्या पृष्ठभागाची मोजमापं काढणारं फ्रीसर्फर चालवणार असाल तर एका मेंदूला कित्येक तास लागतात. पावसाळ्यात मध्येच वीज गेली की ‘इज-रनिंग’ नावाची फाईल मागे राहते. ती पुसल्याशिवाय काम पुन्हा सुरू होत नाही.

शेवटची तपासणी: उजव्या हाताची बोटं हलली असतील तर डावा मोटर कॉर्टेक्स (मेंदूचा हालचाली चालवणारा भाग) उजळायला हवा. तो पडद्यावर उजवीकडे दिसला तर घाबरू नका. एफएसएलआयज डीफॉल्टने रुग्णाची डावी बाजू पडद्याच्या उजवीकडे दाखवतं.