टाकी सपाट ठेवा, ढाळ पायपाला द्या

नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरात बैठकीची फरशी दाराकडे उतरती आहे. सासूबाई रोज बादलीने फरशी धुवायच्या, पाणी आपोआप ओसरीत जावं म्हणून बांधतानाच ढाळ ठेवलेला. तिथे पाच बाय दोन बाय दोन फुटांची माशांची टाकी ठेवायचं ठरलं तेव्हा मला तो ढाळ सोयीचाच वाटला. निचऱ्याचं भोक दाराच्या बाजूला, टाकीही तिकडेच जरा कलती, म्हणजे पाणी बदलताना सगळं निघून जाईल. तिसऱ्या महिन्यात, ऐन मे मध्ये, खालच्या कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड पाझरायला लागला. दोन्ही ऑस्कर मासे ड्रममध्ये ठेवून आम्ही रात्रभर एअर पंपापाशी बसून होतो.

म्हणून सांगते, निचऱ्यासाठी टाकी कलती ठेवू नका. या मापाच्या टाकीत 566 लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो. 12 मिलिमीटर जाडीची काच शंभर किलोंच्या वर जाते, रेती वेगळी. टाकी कलली की उतरत्या बाजूला पाणी जास्त खोल होतं आणि तिथल्या जोडांवर जास्त ताण येतो.

नवी टाकी बसवताना मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी लेव्हल पाइप लावला आणि म्हणाले, "काकू, पाच फुटांत तीन सूत उतरून राहिली फरशी." तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. हे माप घरीही घेता येतं. पाच-सहा मीटर पारदर्शक नळी पाण्याने भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक स्टँडच्या एका कोपऱ्याला धरा, दुसरं दुसऱ्या कोपऱ्याला. दोन्ही तोंडं उघडी हवीत, अंगठ्याने दाबलं की माप चुकतं. पाणी स्थिरावलं की दोन्हीकडे स्टँडच्या कडेपासून पाण्यापर्यंतची उंची पट्टीने मोजा. जो फरक येईल तोच उतार. स्पिरिट लेव्हल वापरणार असाल तर ती आधी तपासा: एकदा ठेवून बुडबुडा पाहा, मग त्याच जागी डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून ठेवा. बुडबुडा वेगळीकडे गेला तर ती पट्टीच सदोष आहे.

पॅकिंग स्टँडच्या पायांखाली द्यायचं, टाकी आणि स्टँडच्या मध्ये कधीच नाही. काचेखाली एका जागी पाचर ठोकली की सगळा भार त्या बिंदूवर येतो. पायांखाली लोखंडी पट्टीचे पायाएवढे रुंद तुकडे घाला. लाकडाच्या चिपा ओलाव्याने फुगतात, पुठ्ठा दबतो. आमच्या स्टँडला सहा पाय आहेत, आणि मधले दोन अधांतरी राहिलेले सहसा दिसत नाहीत. प्रत्येक पायाखाली कागद सरकवून पाहा. कुठेही आत जायला नको.

उतारापेक्षा मला पिळाची भीती जास्त वाटते. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा खाली असेल तर काच मुरडली जाते. स्टँडच्या वरच्या चौकटीवर कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोरे ताणून बांधा. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा पाहा. एका वेळी फट आणि दुसऱ्या वेळी दाब दिसला तर चौकटीला पीळ आहे. तळाला प्लास्टिकची चौकट नसलेल्या काचेच्या टाकीखाली थर्माकोल घालतात, तो बारीक खडबड सामावून घेतो. उतार आणि पीळ त्याने जात नाहीत.

टाकी चढवली की फक्त पाच सेंटीमीटर पाणी भरा आणि चारही कोपऱ्यांत खोली मोजा. एवढ्या लांबीत एक-दीड मिलिमीटर फरक मी चालवून घेते. त्याहून जास्त असेल तर पाणी काढून पॅकिंग बदला, भरलेल्या टाकीखाली पहार घालू नका. मग तिसरा हिस्सा भरून रात्रभर थांबा, पुन्हा मोजा, मग पुढे.

आता निचरा. आमच्या टाकीत आखूड बाजूला ओव्हरफ्लोचा कंगवा आहे, म्हणजे वरचं जादा पाणी बाहेर सोडणारी दातेरी पट्टी. त्याच्यावरून जाणारं पाणी काही मिलिमीटर जाडीचंच असतं. कंगव्याचं एक टोक दोन सूत वर राहिलं तर तिकडचे दात कोरडे पडतात आणि त्या बाजूचा तेलकट तवंग तसाच तरंगत राहतो. टाकी सपाट झाली आणि तो तवंग पहिल्याच दिवशी गेला.

तळाच्या भोकात पाइप जोडायला बसवलेल्या टँक कनेक्टरची कड काचेपेक्षा थोडी वर असते, त्यामुळे शेवटचं बोटभर पाणी उरणारच. ते नळीने ओढा, राहिलेलं स्पंजने टिपा. ढाळ द्यायचा तो खालच्या पायपाला: मीटरमागे दोन सेंटीमीटर, सलग. लवचिक पाइप मध्ये कुठे झोळ पडून लोंबला की त्याच्या पुढे हवा अडकते आणि पाणी गुळगुळ करत थांबतं. दर अर्ध्या मीटरला क्लॅम्प मारा. आमचा पाइप अंगणातल्या जास्वंदीपाशी सोडलाय.

तळमजल्यावर राहत असाल तर पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. नागपुरात बऱ्याच भागांत काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरची फरशीही तिच्यासोबत हलू शकते. मी दिवाळीच्या साफसफाईत पाण्याच्या रेषेपासून काचेच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजते आणि स्टँडच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवते.