लाकडी पिंपात मुरलेली आंबट बिअर चाखायची कशी

या बिअरचा पहिला घोट फसवा असतो. जिभेला आधी आम्ल झोंबतं आणि बाकी सगळं त्याच्याआड दडून राहतं. म्हणून पहिल्या घोटावर मत बनवू नका. बिअर किती आंबट आहे हे कुणालाही सांगता येतं. आंबटपणा कोणत्या आम्लाचा आहे आणि तो ओसरल्यावर मागे काय उरतं, हे ओळखणं हे खरं चाखणं.

इथे बेल्जियममधल्या दोन जुन्या घराण्यांचा विचार केला आहे. पहिलं लॅम्बिकचं, ब्रसेल्स आणि शेजारच्या पायोटनलांड भागातलं, झेने नदीच्या खोऱ्यातलं. यात माल्ट न केलेला गहू किमान ३० टक्के, बाकी बार्लीचा माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि मुद्दाम जुने करून कडवटपणा घालवलेले हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, असतात. या धान्याचा उकळलेला रस रात्रभर उघड्या, पसरट टाकीत निवतो आणि तेव्हाच हवेतली यीस्ट व जिवाणू त्यात उतरतात. यीस्ट वेगळी घातली जात नाही. उन्हाळ्यात नको ते जिवाणू माजतात, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं. पुढे ओकच्या पिंपात एक ते तीन वर्षं मुरवण. एक, दोन आणि तीन वर्षांचं लॅम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवलं की ग्यूझ होते, आणि लॅम्बिकमध्ये आंबट चेरी मुरवली की क्रीक.

दुसरं घराणं वेस्ट फ्लँडर्समधल्या लालसर बिअरचं. रूसेलारे गावची रोडेनबाख हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव, विख्ते गावची डचेस दे बूर्गोन्य दुसरं. इथे उघड्या हवेवर सोडत नाहीत. आंबवण यीस्ट आणि जिवाणूंच्या मिश्र कल्चरने, म्हणजे जोपासलेल्या विरजणाने होतं, बिअर माणसापेक्षा उंच अशा उभ्या ओक पिंपांत मुरते आणि मग ताज्या बिअरमध्ये मिसळली जाते. रोडेनबाखच्या ग्रँड क्रूमध्ये दोन वर्षं मुरलेला भाग सुमारे दोन तृतीयांश असतो, साध्या रोडेनबाखमध्ये सुमारे एक चतुर्थांश. या दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या की लाकडातल्या मुरवणीने नेमकं काय वाढतं ते एका बैठकीत कळतं. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

बाटली निवडताना लेबल नीट वाचा. लॅम्बिकच्या बाबतीत ‘औदे’ (म्हणजे ‘जुनी’) हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘औदे ग्यूझ’ आणि ‘औदे क्रीक’ या नावांना युरोपीय संघात संरक्षण आहे. औदे ग्यूझमधलं सर्वांत जुनं लॅम्बिक किमान तीन वर्षं लाकडात मुरलेलं असावं लागतं. ‘औदे’ नसलेल्या बऱ्याच ग्यूझ आणि क्रीक गाळून, गोड करून विकल्या जातात. त्या वाईट असतात असं नाही, पण या पद्धतीने चाखण्यासारखं त्यांत फार उरत नाही.

आधी जीभ तयार करा

दोन आम्लं वेगळी ओळखता आली की अर्धं काम झालं. २५० मिलि पाण्याचे दोन ग्लास भरा. एकात खाण्याचं ८८ टक्के लॅक्टिक आम्ल १ मिलि घाला, दुसऱ्यात ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर एक चमचा, म्हणजे ५ मिलि. ढवळा, वास घ्या, मग चाखा. पहिल्याला वास जवळजवळ नाही. त्याचा आंबटपणा गोलसर असतो आणि जिभेच्या कडांवर पसरतो. दुसऱ्याचा वास ग्लास नाकाजवळ नेताच येतो आणि घोट घशाशी टोचतो. लॅक्टिकच्या ग्लासात जवळपास चौपट आम्ल आहे, तरी बहुतेकांना व्हिनेगरचाच ग्लास उग्र वाटतो. व्हिनेगरचं थोडं प्रमाणसुद्धा बिअरवर कुरघोडी करतं ते यामुळेच.

चांगल्या ग्यूझचा कणा लॅक्टिक असतो आणि व्हिनेगरची धार मागून, पुसट लागते. फ्लँडर्सच्या लाल बिअरमध्ये ती धार बरीच पुढे येते, पण तिथे माल्टचा आणि चेरी-मनुक्यांसारखा गोडवा तिला सांभाळून घेतो. तीच धार ग्यूझमध्ये दिसली तर दोष, लाल बिअरमध्ये दिसली तर शैली.

बाटली, ग्लास, तापमान

बाटली १० ते १५ अंशांच्या अंधाऱ्या जागी ठेवा. आडवी ठेवली असेल तर तळाचा यीस्टचा गाळ बाटलीच्या एका कुशीवर बसलेला असतो. अशी बाटली चाखण्याच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवा. बेल्जियममध्ये ती विणलेल्या टोपलीत तिरकी ठेवून तशीच उघडतात आणि तशीच ओततात. टोपली असेल तर बाटली आडवी असताना जी बाजू वर होती तीच टोपलीतही वर राहिली पाहिजे.

उघडण्याआधी ८ ते १० अंशांपर्यंत गार करा. कोमट किंवा हललेली ग्यूझ उघडताच अर्धी बाटली फेसातून बाहेर जाते. अनेक बाटल्यांना पत्र्याच्या झाकणाखाली बूच असतं, त्यामुळे बूचस्क्रू हाताशी हवा. बुचावर कापड धरा, तोंड माणसांपासून दूर वळवा आणि बूच शेवटचा सेंटिमीटर अगदी हळू निघू द्या. आतला दाब मोठा असतो, घाई केली तर गाळ उसळून वर येतो.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा किंवा वाइनचा, ३०० मिलिच्या आसपासचा. त्यात ८० ते १०० मिलिच ओता, म्हणजे वर वास साठायला जागा राहते. ग्लास गरम पाण्याने विसळून उलटा वाळवलेला असावा. ओतल्यावर काचेला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास स्वच्छ नाही. सगळे ग्लास एका दमात भरा. बाटली दर वेळी सरळ केली की गाळ ढवळला जातो आणि शेवटचा ग्लास पहिल्याहून गढूळ, पिठूळ लागतो. तळाचे २० ते ३० मिलि वेगळे काढून शेवटी चाखा.

चाखण्याचं तापमान १२ ते १४ अंश. याहून थंड असताना वास मिटलेला राहतो आणि आम्ल एकटंच पुढे येतं. ग्यूझ ‘नुसती आंबट’ लागली अशी तक्रार असते तेव्हा बहुधा ती फ्रिजमधून काढून थेट प्यायलेली असते.

घोटामागून घोट

ग्लास न हलवता वास घ्या. गॅसबरोबर हलके वास आधी सुटतात: लिंबाची साल, हिरवं सफरचंद, लाल बिअर असेल तर चेरी आणि बाल्सामिक व्हिनेगर. आता ग्लास गोल फिरवून पुन्हा वास घ्या. वाळलेलं गवत, तबेला, जुनं खोगीर, ओलं तळघर हे वास आता वर येतात. ती ब्रेटानोमायसीस यीस्टची कामगिरी. लॅम्बिकमध्ये तबेल्याचा वास हवाच असतो, फक्त फळ आणि लिंबू त्याखाली गाडले जायला नकोत. किंचित चीजचा वास जुन्या हॉप्समधून येतो, तोही चालतो.

पहिला घोट लहान घ्या, तोंडभर फिरवून गिळा आणि विसरून जा. त्याने फक्त लाळ सुटते. अर्ध्या मिनिटाने दुसरा घोट घ्या. आम्ल कुठे लागतं, जिभेच्या कडांना की घशाला? ओकचं तुरट कोरडेपण हिरड्यांवर जाणवतं का? घोट पोकळ वाटतो की भरीव? मुरलेल्या लॅम्बिकमध्ये साखर जवळजवळ उरलेली नसते, त्यामुळे भरीवपणा गोडव्यातून आलेला नसतो, हे ध्यानात घ्या. तिसरा घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. सर्वांत जास्त माहिती या एका श्वासात मिळते.

मग ग्लास वीस मिनिटं तसाच ठेवा. थोडा गॅस उडतो, तापमान दोन-तीन अंशांनी चढतं आणि चांगली ग्यूझ उलगडते: आम्ल मऊ होतं, मध, जर्दाळू, लाकूड असं काही पुढे येतं. फसलेल्या बिअरचा दोषही याच वीस मिनिटांत उघडा पडतो. मत लिहायचं ते आत्ता.

काय बिघडतं आणि का

नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास म्हणजे इथाइल ॲसिटेट. पिंपात हवा शिरली की ॲसिटिक जिवाणू व्हिनेगर बनवतात आणि त्याच्या जोडीने हेही वाढतं. पुसट असेल तर नाशपातीसारखं फळ वाटतं, वाढलं की डोळ्यांना झोंबतं. लहान पिंपात दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून हवाही जास्त. बिअर बाष्परूपाने कमी होऊन वर पोकळी पडली तर धोका आणखी वाढतो.

ओतताना धार तेलासारखी, लाळेसारखी तुटत नसेल तर ती पेडिओकोकस जिवाणूने केलेली चिकट साखळी असते. याला ‘आजारी’ बिअर म्हणतात, पण हा आजार बरा होतो. ब्रेटानोमायसीस काही महिन्यांत ती साखळी खाऊन टाकते. त्याच बॅचची दुसरी बाटली असेल तर ती तशीच ठेवून द्या. लोण्याचा वासही याच जिवाणूचा, आणि तोही बहुधा याच वाटेने जातो.

सर्वांत चकवणारा दोष उंदराच्या पिंजऱ्यासारख्या, शिळ्या कुरमुरीत धान्यासारख्या चवीचा. टेट्राहायड्रोपिरिडीन नावाची संयुगं तो आणतात. आम्लात ती उडत नाहीत, म्हणून ग्लासाला वास येत नाही. गिळल्यानंतर लाळेने आम्ल सौम्य झालं की दहा ते तीस सेकंदांनी ती चव मागून उगवते. शंका आली तर दोन थेंब मनगटावर चोळून वास घ्या. त्वचा बिअरइतकी आम्लधर्मी नसते, त्यामुळे वास तिथे सुटतो. काही जणांना तो मुळीच कळत नाही, म्हणून निवाडा एकट्याने करू नये. बाटली भरताना हवा लागल्याने हा दोष बळावतो आणि बरेचदा काही महिन्यांत ओसरतो.

ओकारीसारखा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि फळाचा मागमूस नाही, असं असेल तर बुचाचा दोष किंवा ऑक्सिडेशन. या दोन्हींवर इलाज नाही.

मात्र गॅस नसणं हा दरवेळी दोष नसतो. मिश्रण न केलेलं लॅम्बिक सपाटच असतं आणि दगडी सुरईतून ओततात.

एका बैठकीत क्रम कसा लावायचा

चार नमुने पुरेत, पाच म्हणजे कमाल. आधी सपाट लॅम्बिक, मग औदे ग्यूझ, मग औदे क्रीक, शेवटी फ्लँडर्सची लाल. डचेससारखी गोडसर बाटली आधी उघडली तर पुढची ग्यूझ दुप्पट आंबट लागते आणि तिच्यावर अन्याय होतो. दोन ग्यूझ शेजारी ठेवायच्या असतील तर बून आणि कांतियों ही जोडी उत्तम. लेम्बेकची बून मोठाल्या पिंपांत मुरते आणि मऊ लागते, ब्रसेल्सची कांतियों धारदार आणि लिंबाळ असते. दर नमुन्यानंतर साधं पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा घ्या. चीज, मिठाई, कॉफी बैठक संपेपर्यंत दूर ठेवा.

क्रीक ताजी असतानाच उघडावी, फळ वर्षागणिक मावळत जातं. ग्यूझ नीट ठेवली तर दहा-वीस वर्षंही टिकते, म्हणून शक्य असेल तेव्हा एकाच ग्यूझच्या दोन वेगळ्या वर्षांच्या बाटल्या घ्या.

बाटलीत उरलेली बिअर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. गॅस गेल्यावर मूळ लॅम्बिक उघडं लागतं आणि आदल्या दिवशी निसटलेला उंदराचा दोषही सापडतो. बैठकीनंतर दात लगेच घासू नका. आम्लाने मऊ झालेलं दातांचं कवच झिजतं. चूळ भरा आणि किमान अर्धा तास थांबा.