कुकरची शिट्टी होत नाही? आधी वाफ कुठून जातेय ते बघा

गेल्या आठवड्यात तीन मैत्रिणींनी वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट विचारली, की कुकर लावला तर नुसता फुसफुसत बसतो, शिट्टी काही होत नाही, आता नवीनच घ्यावा का. तिघींना फोनवर तेच तेच सांगून झालं, मग म्हटलं एकदा नीट लिहूनच काढते, म्हणजे सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

तर पहिली गोष्ट, एवढ्यात नवीन घेऊ नका. दहापैकी नऊ वेळा शे-दीडशे रुपयांच्या पार्टवर काम होतं आणि ते घरी बसून करता येतं. फक्त सरळ दुकानात जाऊन झाकणातली रबरी रिंग आणायची आणि मग बघू, असं करू नका, कारण रिंग ठीक असते आणि भानगड दुसरीकडेच असते असं खूपदा होतं.

आधी शोधायचं काय ते. कुकरमधे निम्म्यापेक्षा कमी पाणी घ्या, डबे वगैरे काही नको, झाकण लावा, शिट्टी लावा, गॅस मोठा करा आणि समोर उभ्या राहा. आता एक थंड कोरडी स्टीलची ताटली घ्या आणि झाकणाच्या कडेपासून चार बोटं लांब धरून सावकाश गोल फिरवा. जिथे ताटली धुरकट होईल, थेंब जमतील, तिथून वाफ जातेय. हात फिरवून बघायचा नाही, सुरुवातीला वाफ डोळ्याला दिसत नाही पण भाजते मात्र सणसणीत. तोंडही जवळ न्यायचं नाही.

कडेनं सगळीकडून थोडी थोडी जात असेल तर रिंग. कडेच्या एकाच ठिकाणाहून जोरात जात असेल तर रिंगेला तिथे चीर आहे नाहीतर कुकरची किनार तिथे ठेचली गेलीय. झाकणाच्या मधूनच कुठून तरी येत असेल, म्हणजे सेफ्टी व्हॉल्वच्या (वाफ फार कोंडली की तिला वाट देणाऱ्या झाकणावरच्या पार्टच्या) किंवा शिट्टी बसते त्या नळीच्या बुडाशी, तर तिथला नट ढिला झालाय किंवा वायसर गेलाय. आणि कुठूनच वाफ येत नसेल, ना कडेनं ना शिट्टीतून, आणि पाणी तर उकळतंय असा आवाज येतोय, तर लगेच गॅस बंद करा आणि कुकर पूर्ण निवेपर्यंत हातही लावू नका. नळी बुजलीय. ह्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, ते नक्की वाचा.

आता रिंग. झाकणातून काढून हातात घ्या आणि बोटांनी थोडी थोडी दुमडत पूर्ण गोल फिरवा. चांगली रिंग मऊ लागते आणि सोडली की परत जागेवर येते. जुनी झालेली कडक लागते, दुमडली की बारीक भेगा उघडतात, कधी कधी हाताला काळं लागतं. अजून एक खूण म्हणजे रिंग झाकणात बसवून झाकणाची आतली बाजू खाली केली की ती आपोआप खाली पडते, म्हणजे ती सैल झालीय. रोज दोन वेळा कुकर लागत असेल तर वर्षभरात रिंग बदललेली बरी, दीड वर्ष म्हणजे खूपच ओढलं. पाहुणे आलेत आणि दुकान बंद आहे अशी वेळ असेल तर रिंग दहा मिनिटं फ्रीजरमधे ठेवून लावली की त्या दिवसापुरतं निभावतं, पण ते तेवढंच. कणकेचा गोळा कडेनं थापणं वगैरे प्रकार कृपा करून करू नका, ती कणीक सुटून नळीत जाते.

नवीन रिंग आणताना जुनी बरोबर न्या, आणि जमलं तर झाकणच न्या. आतल्या झाकणाचे कुकर, म्हणजे हॉकिन्सचे असतात तसे, आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणाचे, म्हणजे प्रेस्टिजचे नेहमीचे, ह्यांच्या रिंगा एकमेकांना चालत नाहीत, आणि एकाच कंपनीत ३ लिटर आणि ५ लिटरची रिंगसुद्धा कधी एक असते कधी वेगळी. नुसतं पाच लिटरची द्या म्हणून आणलेली रिंग मी दोनदा परत करून आलेय. कंपनीचीच घ्या, चाळीस रुपये वाचवायला साधी घेतली की चार महिन्यात परत फुसफुस सुरू. बसवायच्या आधी झाकणाच्या आतली खाच जुन्या ब्रशनं घासून घ्या, तिथे भाताची पेज वाळून कडक पापुद्रा झालेला असतो आणि नवीन रिंगसुद्धा त्याच्यामुळे नीट टेकत नाही.

किनारीचं मात्र सांगायलाच हवं कारण ते आपल्याच हातानं होतं. वरण ढवळून झालं की डाव कुकरच्या काठावर दोनदा आपटून झटकायची सवय, माझ्या आईला आहे, सासूबाईंना आहे, मलाही होती. आमच्या जुन्या कुकरची किनार मी एकदा उजेडात धरून बघितली तर दांड्याच्या उजव्या बाजूला बरोबर बोटभर जागेत बारीक बारीक खड्डे होते, डाव जिथे आपटतो तिथेच. अॅल्युमिनियम मऊ असतं हो, रोज दोन वेळा स्टीलचा डाव आपटला की वर्षानुवर्षांत तिथे खळगे पडतात आणि मग कितीही नवीन रिंग घाला, तेवढ्या जागेतून वाफ निसटतेच. बारीक असतील तर मऊ रिंग सांभाळून घेते. मोठा पोचा असेल तर हातोडीनं ठोकून सरळ करायला जाऊ नका, गोलाई जाते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा, नाहीतर त्या कुकरचं साधं भांडं करून टाका, चहापाण्याला उत्तम.

आता नळी, आणि हे शांतपणे वाचा. शिट्टी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, एक वजन आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि कितीही आच वाढवली तरी त्याच्या वर जात नाही, कुकरमधे वाफ कोंडल्यामुळे ते साधारण १२० पर्यंत जातं, म्हणून डाळ पटकन शिजते. किती कोंडायची हे ते वजन ठरवतं, वाफेचा जोर वजनापेक्षा जास्त झाला की वजन उचललं जातं आणि आपल्याला शिट्टी ऐकू येते. ह्यावरून दोन गोष्टी कळतात. एक, एका कुकरची शिट्टी दुसऱ्याला लावायची नाही, बसली तरी नाही, कारण भोकाचा आकार आणि वजन ह्यांचं गणित त्या त्या कुकरचं असतं. दोन, ती नळी जर बुजली तर वाफेला जायला वाटच नाही.

आमच्याकडे हे झालेलं आहे. रविवार होता, रगडा करायचा म्हणून पांढरे वाटाणे लावले होते, माणसं जास्त म्हणून कुकर जवळजवळ पाऊण भरला होता. एक शिट्टी झाली आणि मग दहा मिनिटं काहीच नाही, मला वाटलं आच कमी असेल म्हणून मी मोठी केली. आई ओट्याशीच उभी होती, कोथिंबीर आणायला म्हणून फ्रीजकडे वळली आणि सेफ्टी व्हॉल्व उडाला. आवाज एवढा की खालच्या मजल्यावरचे वर आले. रगडा छतापर्यंत. आईला काही झालं नाही पण तिचे हात कितीतरी वेळ थरथरत होते, ते मी विसरू शकत नाही. नंतर झाकण धुताना बघितलं तर नळीच्या आतल्या तोंडाशी वाटाण्याचं साल चिकटलेलं, इवलंसं, नखाएवढं.

म्हणून कुकर लावायच्या आधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का बघायचं, प्रत्येक वेळी, दोन सेकंदाचं काम आहे. दिसत नसेल तर दाभण किंवा जाड सुई आतून बाहेर घालायची, मग नळाखाली जोरात पाणी सोडायचं आणि फुंकून बघायचं. काडेपेटीची काडी घालू नका, टोक आत मोडतं. शिट्टीच्या आतही बघा, उलटी करून हलवा, बोअरचं पाणी असेल तर आत पांढरा थर जमतो, तो घालवायला शिट्टी अर्धा तास लिंबाच्या पाण्यात टाका. आणि कुकर भरायचा किती, तर एरवी दोन तृतीयांशाच्या वर नाही, आणि डाळ, तांदूळ, कडधान्य थेट कुकरमधेच लावत असाल तर निम्म्याच्या वर नाही, कारण ते फुगतं आणि फेस वर येतो. शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओटा खराब होतो ना, तो फेसच असतो, म्हणजे जास्त भरलंय. डाळीत अर्धा चमचा तेल घातलं की फेस कमी येतो.

सेफ्टी व्हॉल्वबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे. बहुतेक व्हॉल्वच्या मधे एका वितळणाऱ्या धातूचा ठिपका असतो, आतलं पाणी संपलं किंवा वाफ कोंडून गरमी वाढली की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते, म्हणजे आपला जीव वाचवायला तो स्वतः जातो. एकदा गेला की नवीनच घालायचा. त्या रगड्याच्या दुसऱ्याच दिवशी दारावरून कुकर-मिक्सर रिपेअरवाला ओरडत गेला, त्याला दाखवलं तर म्हणाला ताई वीस रुपयात झाळून देतो. झाळून दिलेला व्हॉल्व परत वेळेवर वितळेलच ह्याची काही खात्री नाही, मग पुढच्या वेळी झाकणच उडायचं. एम-सील लावणं, स्क्रू घालून बुजवणं, टेप गुंडाळणं, सगळं तसलंच. मी नाही म्हटलं आणि दुकानातून कंपनीचा आणला.

बदलायचा कसा, तर बाहेरच्या झाकणाच्या कुकरला वरून षटकोनी डोकं दिसतं, झाकण एका जाड फडक्यावर ठेवून बरोबर मापाच्या पान्यानं उलटं फिरवलं की सुटतो. पक्कड लावू नका, कोपरे झिजतात आणि मग काहीच धरत नाही. कडक बसला असेल तर झाकणावर गरम पाणी ओता आणि परत प्रयत्न करा. आटे पुसून घ्या, जुना वायसर असेल तर काढून नव्याबरोबर आलेला घाला, आधी हातानं फिरवत न्या म्हणजे आटे तिरके पकडत नाहीत, आणि शेवटी पान्यानं थोडासाच आवळा. आतल्या झाकणाच्या कुकरचा व्हॉल्व दांड्याच्या खालच्या बाजूला असतो, तो मी स्वतः कधी खोलत नाही, दुकानात बसवून घेते.

दांडा हलत असेल तर नुसता स्क्रू आवळा, आणि स्क्रू गोल गोल फिरतच राहत असेल तर आटे गेलेत, पूर्ण दांडा नवीन मिळतो, स्क्रूसकट. छोट्या कुकरला मोठा बर्नर लावला की ज्वाळा बाजूनं वर येते आणि दांडा जळतो, त्यामुळे लहान शेगडी वापरा.

आतून काळा पडतो म्हणून काहीजणी कुकर टाकायला निघतात, ते काही बिघडल्याचं लक्षण नाही, पाण्यातल्या क्षारांमुळे अॅल्युमिनियम काळं पडतं. तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकायचं, आपल्या आज्या टाकायच्या तसंच. पडलाच असेल तर काळ्या भागापर्यंत पाणी, त्यात चमचाभर लिंबूसत्त्व, दहा मिनिटं उकळायचं झाकण न लावता. सोडा मात्र घालू नका, त्यानं अजून काळा होतो. आमटी किंवा सार रात्रभर कुकरमधेच राहू देऊ नका, आंबट-खारटानं तळाला टोचल्यासारखे खड्डे पडतात. ते खोल असतील किंवा बूड फुगून कुकर ओट्यावर डुगडुगत असेल तर मात्र तो कुकर संपला, वेल्डिंग करून वापरायचा नाही. नवीन घेताना आयएसआयचा मार्क आणि त्यावर आयएस २३४७ हा नंबर बघून घ्या, १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे, तरी बाजारात बिनमार्काचे दिसतातच.

काहीही बदललं की पहिल्यांदा त्यात डाळ-तांदूळ लावू नका. दोन पेले पाणी घालायचं, झाकण, शिट्टी, मध्यम आच, आणि परत तीच ताटली कडेनं फिरवायची. ताटली कोरडी राहिली आणि खणखणीत शिट्टी झाली की गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची, चमच्यानं शिट्टी उचलायची नाही. उघडल्यावर रिंग काढून धुवायची आणि सावलीत खिळ्याला अडकवून ठेवायची, संध्याकाळी वरण-भाताला लावेपर्यंत.