साइडशोच्या जुन्या कार्डावरचा माणूस ओळखायचा कसा

एकोणिसाव्या शतकात अमेरिका-युरोपातल्या साइडशोंमध्ये, म्हणजे सर्कशीच्या बाजूला तिकीट लावून चालणाऱ्या छोट्या खेळांमध्ये, दुर्मीळ शारीरिक अवस्था असलेले कलाकार स्वतःचे फोटो कार्डांवर छापून विकत. तो त्यांच्या कमाईचा भाग होता. म्हणून कार्डावरचा मजकूर आधी जाहिरात म्हणून वाचायचा. माहिती म्हणून नंतर, पडताळून.

पहिल्यांदा काळ ठरवा. पुठ्ठा पट्टीने मोजा. साधारण ६४ × १०० मिमी भरला तर ते व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचं, १८६० च्या दशकात गाजलेलं कार्ड. १०८ × १६५ मिमी भरला तर कॅबिनेट कार्ड, म्हणजे बहुधा १८७० नंतरचं. मग मागची बाजू पाहा. अमेरिकेत फोटोंवर कर होता तो फक्त सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६. तेव्हाचं महसुली तिकीट चिकटवलेलं दिसलं तर कार्ड कधी विकलं गेलं ते कळतं. फोटो कधी काढला ते मात्र कळत नाही, कारण काचेच्या एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं प्रती निघत. तारखा चुकतात त्या बहुतेक इथेच. स्टुडिओचा पत्ता छापलेला असेल तर त्या शहराच्या वार्षिक डिरेक्टरीत शोधा. न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या चार्ल्स आयझेनमन या फोटोग्राफरने असे कलाकार पुष्कळ टिपले आहेत.

उंची आणि वय यांवर विश्वास टाकू नका. उंच माणसाची उंची वाढवत, बुटक्या माणसाचं वय. ‘जनरल टॉम थंब’ म्हणून गाजलेल्या चार्ल्स स्ट्रॅटनचा जन्म ४ जानेवारी १८३८ चा, कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टचा. खेळ भरवणाऱ्या पी. टी. बार्नमने त्याला पाच वर्षांचा होण्याआधीच मंचावर आणलं, पण जाहिरातीत वय लावलं अकरा. वय वाढवलं की तीच उंची जास्त नवलाची वाटते. गावही बदललं: पोरगा इंग्लंडहून आलाय असं सांगितलं.

आता खरं नाव. मंचावरचं नाव घेऊन नोंदी चाळल्या तर हाती काही लागत नाही. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) व्यक्तीचं नाव असतं. ‘सयामी जुळे’ चँग आणि एंग शोधायचे तर नॉर्थ कॅरोलायनाच्या सरी काउंटीत ‘बंकर’ आडनाव पाहा. दोघं तिथे शेती करत आणि दोघांची मिळून एकवीस मुलं होती. छापील आठवणींतलं नावही जन्मनोंदीशी ताडून पाहा: ‘एलिफंट मॅन’ म्हणून दाखवल्या गेलेल्या जोसेफ मेरिकचं नाव त्याचे लंडनमधले डॉक्टर ट्रीव्हज यांच्या पुस्तकात ‘जॉन’ असं पडलं आणि पुढे कित्येकांनी तेच उचललं.

कार्डाच्या पाठीवरचा मजकूर कधीच वगळू नका. एला हार्परचे गुडघे मागे वळायचे, म्हणून तिला ‘उंटमुलगी’ म्हणून दाखवत. तिच्या १८८६ च्या कार्डावर ती म्हणते की आता शो सोडून शाळेत जायचंय, दुसऱ्या कामासाठी तयार व्हायचंय. हे समोरच्या चित्रात कुठेच दिसत नाही.

फोटो पाहून रोगाचं नाव लिहू नका. मेरिकचा आजार न्यूरोफायब्रोमॅटोसिस असावा असं बराच काळ मानलं जायचं. १९८६ मध्ये प्रोटियस सिंड्रोमची शक्यता मांडली गेली. नोंदीत दिसतं तेवढंच लिहा. निदान कोणी, कधी केलं ते वेगळ्या रकान्यात.

चेहऱ्यावर आणि अंगभर दाट केस असलेली मेक्सिकन कलाकार ज्युलिया पास्त्राना हिच्या फोटोंबाबत एक तपासणी जास्तीची करा. १८६० मध्ये मॉस्कोत ती वारल्यावर नवऱ्याने तिचं शव टिकवून प्रदर्शनात मांडलं. ते मेक्सिकोतल्या सिनालोआत पुरलं गेलं २०१३ मध्ये. फोटो १८६० नंतर काढलेला निघाला (नुसती प्रत नंतरची नव्हे) तर तो शवाचा आहे, हे फोटोखालच्या ओळीत स्पष्ट लिहा.