जास्वंद: पावसाळ्यात लावताना, जपताना आणि खाताना

पावसाळ्यात कुंडीतली जास्वंद मरते ती बहुतेक वेळा पाणी साचून. पानं पिवळी पडून माना टाकतात, म्हणून आणखी पाणी घातलं जातं आणि उरलीसुरली मुळंही कुजतात. आधी दोन इंच खोल बोट घालून माती बघा. माती ओली असूनही झाड सुकलेलं दिसलं, तर पाणी पूर्ण बंद करा. कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि खालची ताटली काढूनच टाका. तिच्यात डासही होतात.

खाण्यासाठी पाच पाकळ्यांची एकेरी लाल गावठी जास्वंदच लावा. पाऊस स्थिरावला की फांद्या लावायला हवा उत्तम असते. पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी होऊ लागलेली सहा इंचांची फांदी घ्या आणि डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली तिरका काप द्या. शेंड्याची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळू निम्मी-निम्मी घेऊन दोन डोळे आत जातील अशी फांदी खोचा. कुंडी छज्ज्याखाली, पावसाचा थेट मारा लागणार नाही अशी ठेवा. मुळं धरायला चार ते सहा आठवडे लागतात. पालवी मात्र त्याआधीच, फांदीतल्या साठ्यावर फुटते. ती दिसली म्हणून फांदी उपटून बघू नका. मुळं धरली की 12 इंची कुंडीत हलवा: दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू, मूठभर निंबोळी पेंड. ग्रीलमध्ये पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या, नाहीतर नुसती पानंच वाढतील.

कळी नव्या फुटीवर येते. गणपतीला फुलं हवी असतील तर चतुर्थीच्या दोन महिने आधी छाटणी उरका, नंतर कात्री लावू नका.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली की कळ्यांचे देठ आणि पानांच्या बेचक्या तपासा. कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मग 5 मिली कडुनिंबाच्या तेलात 1-2 मिली पातळ साबण घोळून एक लिटर पाण्यात मिसळा. साबण नसेल तर तेल वर तरंगतं. पाऊस उघडला की संध्याकाळी पानांच्या खालून फवारा आणि आठवड्याने पुन्हा करा. खायच्या झाडावर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक कधीही वापरू नका.

दादरच्या बाजारातली फुलं देवाला चालतील, पोटात नकोत. त्यांवर काय मारलंय हे कळत नाही. नर्सरीतून आणलेल्या झाडाचे पहिले दोन-तीन बहरही खाऊ नका.

फूल एकच दिवस टिकतं, म्हणून सकाळीच तोडा. हिरवा देठ आणि मधला परागांचा दांडा काढून पाकळ्या धुवा. चहाला कपभर उकळत्या पाण्यात तीन फुलांच्या पाकळ्या पाच मिनिटं झाकून ठेवा. लिंबू पिळलं की जांभळट रंग लाल होतो. गरोदर बायकांनी आणि मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांनी हा चहा घेऊ नये. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

केसांसाठी मूठभर पानं थोड्या पाण्यात वाटून गाळा. तो बुळबुळीत रस साबणाऐवजी चालतो. तेल करायचं तर फुलं आधी सावलीत पंख्याखाली कुरकुरीत वाळवा, मगच खोबरेल तेलात मंद आचेवर कढवा. फुलांत ओल राहिली तर पावसाळी हवेत तेलाला लवकर खवट वास येतो.