गाडीत करंट कुठं मुरतोय? आधी मोजा, मग पार्ट बदला

सेकंडहँड गाडी घेतलेला माणूस माझ्याकडं येतो, तेव्हा बहुतेक वेळा गाडीत नवी कोरी बॅटरी बसलेली असते. दुखणं मात्र जुनंच. सकाळी सेल्फ मारला की टक टक आवाज, नाहीतर डॅशबोर्डचे दिवे मंद होऊन सगळं गप्प. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. आधी बॅटरी, मग डायनॅमो, मग सेल्फ असं एकेक बदलत गेलेली आणि तरी फॉल्ट जागेवरच असलेली गाडी बघितली की जीवाला लागतं. त्यात कुणाच्या तरी कष्टाचा पैसा गेलेला असतो, आणि पाच मिनिटं मीटर लावला असता तर तो वाचला असता. हे मोजमाप घरच्या घरी, अंगणात करता येतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

सामान थोडंच लागतं. डीसी व्होल्ट आणि १० अँपिअर मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, १० चा पाना, पॉलिश पेपर आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प विकत आणू नका, घरीच बनवा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवायचा आणि त्याला दोन लांब वायरी जोडायच्या. मीटर असताना हा कशाला? कारण वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. मीटर करंट ओढतच नाही. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळं वायर आतून कुजलेली असेल तर तो मिणमिणतो. फक्त गाडीतल्या कॉम्प्युटरच्या (ईसीयूच्या) आणि सेन्सरच्या बारीक वायरींना हा लावायचा नाही, तिथं मीटरच.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना पॉझिटिव्हवर असताना अंगठी बॉडीला टेकली तर बोट भाजतं. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. आणि काही स्टिरिओ बॅटरी काढल्यावर कोड मागतात, तो जुन्या मालकाकडून व्यवहाराच्या वेळीच मागून घ्या. नंतर फोन उचलतीलच असं नाही.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत, सकाळी दार उघडण्याआधी नाही जमलं तरी चावी फिरवण्याआधी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरवर नजर ठेवा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर ती खरोखर थकली. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि बॉनेटखाली त्याहून जास्त तापतं. थंडीनं बॅटरी मरते असं लोक समजतात, पण थंडीत ती फक्त उघडी पडते. तिचं आयुष्य खातं ते ऊन. उन्हाळ्यात झाकणाची बॅटरी असेल तर पाणी बघत चला, आणि टाकायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं पाणी टाकलं की त्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

गाडी चालू करून परत मोजा. १३.८ ते १४.५ आलं तर डायनॅमो चार्जिंग करतोय. हेडलाइट, एसी, मागची काच तापवायची तार, सगळं चालू करून रेस द्या, तरी १३.५ च्या वर राहायला पाहिजे. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं थोडं कमी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. १५ च्या वर गेलं तर मात्र डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. बल्ब पटापट उडतील, बॅटरीचं पाणी उकळेल.

एक पद्धत कृपा करून बंद करा. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘बंद पडली का बघू’ म्हणत डायनॅमो तपासणं. जुन्या गाड्यांत ते खपून गेलं. आजच्या गाडीत वायर काढल्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि हजारो रुपयांचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. कुणी तुमच्या गाडीवर हे करायला लागला तर हात धरा त्याचा.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो, ती गोष्ट. जुन्या गाडीतले निम्मे आजार बॅटरीत नसतात, बॅटरीपासून मशीनपर्यंतच्या वाटेवर असतात. करंट कुठं मुरतोय हे बघायला वायर सोडायचीही गरज नसते. मीटर २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. वायरीच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारायला सांगा. गाडी चालूच होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज आधी काढून ठेवा. मीटरवर ०.२ व्होल्टपर्यंत आलं तर अर्थिंग, म्हणजे इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडं करंट परतायची वाट, ठीक. अर्धा, एक, दीड व्होल्ट आलं तर तेवढं व्होल्टेज त्या वाटेवरच जळतंय, सेल्फपर्यंत पोचतच नाही.

पॉझिटिव्ह बाजूलाही तेच करा. एक टोक पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या जाड वायरीच्या नटवर. तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

जुळे सोलापूरच्या एका मुलानं एमएच ०४, म्हणजे ठाणे पासिंगची गाडी आणली होती. ‘मामा, रोज सकाळी ढकलायलोय ओ, दुसरी बॅटरी टाकली तरी तेच,’ म्हणाला. निगेटिव्ह खुंटी ते इंजिन मोजलं तर १.३ व्होल्ट. मग एक टोक खुंटीवरच ठेवून दुसरं पुढं पुढं सरकवत गेलो. क्लॅम्प ठीक, बॉडीचा बोल्ट ठीक, आणि गिअरबॉक्सवर आकड्याची उडी. गिअरबॉक्सला येणारी अर्थची पट्टी क्लचच्या कामात काढली होती आणि बसवताना गंजावरच आवळली होती. बोल्ट काढला, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरनं चकचकीत घासले, परत आवळलं, वरून व्हॅसलिन लावलं. परत मोजलं तर ०.०८. ‘दादा, बॅटरी तुझी पहिलीच चांगली होती,’ हे सांगताना मला काही आनंद झाला नाही.

मुंबई-ठाण्याकडनं आलेल्या गाड्यांत हे विशेष बघा. खाऱ्या दमट हवेत अर्थचे बोल्ट आतून गंजतात. वरनं पत्रा स्वच्छ दिसतो, टर्मिनलखाली मात्र तांबूस पूड असते. आपल्या एमएच १३ च्या गाड्यांत गंज कमी, धूळ आणि उन्हानं कडक होऊन तडकलेल्या वायरी जास्त. बॅटरीच्या खुंटीवर पांढरा-हिरवा थर दिसला तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशनं धुवा. सोडा सेलच्या आत जाऊ देऊ नका.

हेडलाइट पिवळे पडलेत? पद्धत तीच. बल्ब चालू ठेवून बल्बच्या अर्थच्या (बहुधा काळ्या) वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. एक इंडिकेटर लावला की दुसरेच दिवे लुकलुकतात, ब्रेक दाबला की डिकीकडचा पार्किंग लाइट विझतो, अशी भुताटकी दिसली की शंभरातल्या नव्वद वेळा मागच्या लॅम्पचं अर्थिंग असतं.

दुसरी तक्रार: गाडी चालवली की ठीक, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. म्हणजे गाडी बंद असताना काहीतरी करंट पितंय. डिकीतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला तर ०.४ अँपिअर ओढतो. दिवसाला झाले १० अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, म्हणजे तिसऱ्या दिवशी सेल्फ कसा फिरणार?

हे मोजायला घाई चालत नाही. बॉनेट उघडं ठेवा, दारं लावा. दार उघडं ठेवावं लागणार असेल तर लॉकची कडी स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. चावी गाडीपासून लांब, घरात ठेवा. निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून खुंटी आणि वायर यांच्या मध्ये जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. अर्धा तास थांबा, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. नंतर ०.०५ अँपिअरच्या आत आलं तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका; मीटरचा फ्यूज उडेल.

जास्त आलं तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढून परत घातला की झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि मोजमाप बिघडतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. निगेटिव्ह वायर परत जोडा, गाडी पुन्हा झोपू द्या, मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही ठिपक्यांवर टोकं टेकवा. शून्य म्हणजे त्यातून काही जात नाही. जिथं आकडा दिसेल ती लाइन पकडा आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघा. सगळे फ्यूज शून्य असूनही करंट जात असेल तर संशय डायनॅमोवर घ्या. आतला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट) गळका झाला की तो उभ्या गाडीत बॅटरी पितो. बॅटरी सोडून डायनॅमोची जाड वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा, बॅटरी जोडून परत मोजा. आकडा पडला तर चोर सापडला.

पण सेकंडहँड गाडीत बहुधा चोर जुन्या मालकानं बसवलेला असतो. वूफर, रिव्हर्स कॅमेरा, जोडहॉर्न, फॉग लॅम्प, ट्रॅकर. स्टिरिओची पिवळी वायर मेमरीची, तिला कायम करंट लागतो. लाल वायर चावी फिरवल्यावर यायला हवी. चावी नसताना गाणी वाजावीत म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकत्र पिळून टाकलेल्या असतात, आणि काही स्टिरिओ मग पूर्ण बंद होतच नाहीत. गाडी घेतल्या घेतल्या बॅटरीच्या खुंटीवरून थेट निघालेली प्रत्येक बारीक वायर शोधा. तिला बॅटरीजवळच फ्यूज नसेल तर ती आधी काढा. हे बॅटरी बसण्यापेक्षा गंभीर आहे. ती वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर गाडी पेटते.

जोड करायचा तर नीट करा. नुसतं पिळून वर काळी टेप मारली तर आपल्या उन्हात टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. तारा गुंफून डाग (सोल्डर) द्या, आधीच ओवलेली हीट श्रिंक स्लीव्ह वर सरकवून गरम करा, आणि जोड हलणार नाही असा बांधा. उंदरानं कुरतडलेली वायरही अशीच. पण कुरतडलेल्या जागेच्या पुढं-मागं हातभर तपासा, दात एकाच जागी लागलेले नसतात.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. पुन्हा उडाला तर मोठा टाकायचा नाही, तार तर मुळीच नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी आपला २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटेल. आता वायरिंग हलवत जा, जिथं हलवल्यावर बल्ब विझला किंवा मंद झाला तिथं शॉर्ट आहे. रिलेचा (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीचा) संशय असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथं लावून बघा, फुकटात निकाल मिळतो.

हेडलाइटचा होल्डर वितळलेला दिसला तर बल्बवरचा वॅट वाचा. कंपनीचं वायरिंग ५५/६० वॅटसाठी असतं, एका बल्बला सुमारे ५ अँपिअर. कुणी ९०/१०० चा टाकला की ते ८ वर जातं आणि होल्डर, स्विच भाजून निघतात. मूळ वॅटचा बल्ब आणि नवा होल्डर, एवढाच उपाय.

सगळ्यात त्रासाचा फॉल्ट तो, जो गॅरेजमध्ये दिसत नाही. पंढरपूरला जाऊन आलं, गाडी दुपारी उन्हात उभी केली, परत चालू होत नाही; संध्याकाळी एका सेल्फमध्ये चालू. अशा वेळी ती बंद असतानाच तपासायला हवी, थंड झाल्यावर काही सापडत नाही. सेल्फ फिरतच नसेल तर सेल्फच्या बारीक वायरीवर, चावी फिरवलेली असताना, १२ च्या जवळ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच), येत नसतील तर रिले आणि चावीचा स्विच. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर, तापून बंद पडत असण्याची शक्यता मोठी. स्कॅनरवर पी०३३५ कोड आला तर तो त्याच सर्किटचा. तरीही सेन्सर घेण्याआधी त्याचा कपलर (वायरींचा प्लग) उघडून पिना बघा. आमचा जोराचा पाऊस सप्टेंबरात, तेव्हा पाणी शिरलेल्या कपलरमध्ये हिरवा गंज उन्हाळ्यापर्यंत बसून असतो.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर जरूर घ्या, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. तो असेल तर एबीएस, पॉवर स्टिअरिंग, इंजिन, सगळ्यांचे दिवे लागू शकतात. आधी बॅटरी आणि अर्थिंग ठीक करा, कोड पुसा, दोन दिवस चालवा, मग जो परत येईल त्याच्या मागं लागा.

स्टिअरिंगखाली आणि सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर दिसतील. ते एअरबॅगचे. त्यांना मीटर लावू नका, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही. तेवढ्या करंटनं बॅग फुटू शकते. ते काम स्कॅनर असलेल्या जाणत्या माणसाकडंच न्या, आणि नेताना वर सांगितलेले तीन आकडे कागदावर लिहून द्या: रात्रभर उभ्या गाडीचे व्होल्ट, चालू गाडीचे व्होल्ट, आणि सेल्फ मारताना अर्थिंगवर आलेले व्होल्ट.