खानापूर भागात गावाला सोबत घेऊन पाण्या-रानाचा अभ्यास कसा करायचा

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई पण आमच्याच खानापूर तालुक्यातनं (कर्नाटकातला बेळगाव जिल्हा) निघते, वर भीमगड अभयारण्य, त्यामुळं इकडं रिसर्चला येणारे बरेच. पण बहुतेक जण प्रश्नावली छापूनच आणतात. ती बॅगेतच राहू दे. पहिल्या भेटीत लोकांना काय खटकतंय तेवढंच ऐका. तुम्हाला बेडकांवर काम करायचंय आणि गाव म्हणतंय विहिरी मार्चमध्येच तळाला जातात, तर दोन्हीला जोडणारा प्रश्न तिथंच बसून सगळ्यांनी मिळून ठरवा. बायकांची बैठक वेगळी घ्या, पाणी भरणाऱ्या त्याच असतात आणि चारचौघांत पुरुषच बोलत बसतात. गवळी धनगरांच्या वाडीवर मुद्दाम जा, ते कोणी बोलावल्याशिवाय येत नाहीत.

भाताची लावणी आणि सुगी सोडून जा, त्या दिवसांत कोणाला बोलायला वेळ नसतो.

मग शिवारफेरी. एखादे आजोबा ओढ्याच्या काठावर काठी टेकवून सांगतात, इथला झरा दिवाळीपर्यंत वाहायचा, आता दसऱ्यालाच आटतो. हे वाक्य जसंच्या तसं लिहा, जागेचा जीपीएस पॉइंट घ्या, नंतर पावसाच्या आकड्यांशी ताडून बघा. जुळलं नाही तर लगेच आजोबांचं चुकलं म्हणू नका, पाऊस तेवढाच पण थोड्या दिवसांत कोसळून गेला किंवा वरच्या अंगाला बोअर पडल्या, असं काहीतरी असतं आणि ते त्यांनाच विचारलं तर कळतं.

मोजणी गावातल्या पोरांकडं द्या. दोरीला वजन बांधून विहिरीच्या कट्ट्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी, आणि दरवेळी कट्ट्यावरच्या त्याच खुणेपासून, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्या वेळेचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

औषधी झाडपाल्याची माहिती सगळ्यात जपून. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत समिती असते, तिच्या नोंदवहीत काय लिहायचं आणि कुठली जागा बाहेर सांगायची नाही हे गावानं ठरवायचं, तुम्ही नाही.

पंचायतीचे कागद कन्नडमध्ये आणि घरातलं बोलणं मराठीत, म्हणून संमतीपत्र दोन्ही भाषेत करा आणि सही घ्यायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवा. निष्कर्षसुद्धा पेपर पाठवायच्या आधी ग्रामसभेत वाचा, लोकांनी हरकत घेतली तर ती पेपरमध्ये लिहा. मोजणीच्या वहीची एक प्रत शाळेत, एक पंचायतीत.